काकू, मजकूर पाठवा

धंदा बरा चालला आहे याची पक्की खूण म्हणजे, ज्यांनी आपल्याकडून आजवर पावशेर मेतकूटही विकत घेतलेलं नाही अशी माणसं "तुमची वेबसाइट नाही?" म्हणून विचारू लागतात. विचारणाऱ्याच्या भुवया वर जातात. आपण "नाही अजून" म्हणतो आणि त्या 'अजून'मध्ये फसतो.

माझ्या डोंबिवलीच्या काकूला हा प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरीपासून सिलिंडर आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. काकू भाजण्या, गोडा मसाला, मेतकूट करते आणि दिवाळीत फराळ. बाहेरच्या खोलीत कारखाना, आतल्या खोलीत काका. मदतीला चार बायका, एक वजनकाटा, पिशव्या सील करायचं मशीन आणि एक फोन, जो काकूच्या खांद्यावर आणि कानाच्या मध्ये कायमचा बसलेला असतो. धंदा त्याच फोनवर उभा आहे. तरी वेबसाइट हवी, कारण समोरच्या विंगमधल्या केकवालीची झाली.

मराठी घरात वेबसाइट काढायची ठरली की पहिल्यांदा नात्यातला 'आयटीतला' शोधतात. आमच्याकडे तो न्यू जर्सीत आहे. त्याने आयुष्यात एकही वेबसाइट बनवलेली नाही. एका बँकेचा व्याजाचा हिशेब रात्री बरोबर जुळतो की नाही, हे तो बघतो. त्याने तसं नम्रपणे कळवलं. "इतकी वर्षं अमेरिकेत राहून वेबसाइट येत नाही?" एवढंच काकू म्हणाली, पण ते त्याच्या आईपर्यंत पोचलं आणि भाऊबीजेला त्याचा परिणाम जाणवला. दुसरा पर्याय म्हणजे बारावीतला भाचा, जो 'दोन हजारांत करून देतो' म्हणतो आणि ज्याला परीक्षा असते. हे दोन्ही मार्ग खुंटले की मगच माणूस पैसे देऊन डिझायनर बघायला लागतो.

फ्रीलान्सर हा शब्द काकाने पहिल्यांदा ऐकला तेव्हा "म्हणजे सध्या नोकरी नाही का?" असं विचारलं. मुलींच्या बाबतीत चौकशी करायची सवय लागली की सुटत नाही.

दर मागवले. आठ हजारांपासून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत आले, आणि गंमत अशी की सगळ्यांनी देऊ केलेल्या गोष्टी वाचायला सारख्याच होत्या. आठ हजारवाला ठग नव्हता, हे सांगायला हवं. वर्डप्रेस नावाची प्रणाली २००३ पासून फुकट उपलब्ध आहे. तिच्यावर एक तयार साचा चढवायचा, रंग बदलायचा, नाव घालायचं, झालं. पुष्कळ धंद्यांना एवढंच पुरतं. एक लाख ऐंशीवाले कोट घालून आले आणि त्यांनी 'ग्राहकाची जर्नी' मांडायला सुरुवात केली. काकाने त्यांना थांबवून सांगितलं, की जर्नी सोपी आहे, स्टेशनवरून शेअर रिक्षा करायची आणि पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं.

मग निवड करायची कशावरून? माझं मत विचाराल तर डिझायनरने आधी केलेली कामं स्वतःच्या फोनवर उघडून बघावीत, त्याच्या लॅपटॉपवर नव्हे. लॅपटॉपवर सगळंच सुंदर दिसतं. फोनवर निम्म्या साइट उघडत नाहीत, आणि उघडलेल्यांपैकी काहींवर दुकानाचा नंबर दिलेला असतो, पण बोट लावलं तर फोन लागत नाही, कारण तो नंबर चित्रात आहे. ज्याला हे कळत नाही त्याला गिऱ्हाईक कळत नाही. दुसरी परीक्षा म्हणजे तो काय विचारतो. पहिल्या दोघांनी काकूला "कलर कोणता आवडतो?" विचारलं. तिसरा मुलगा विचारता झाला, "सगळ्यात जास्त काय खपतं आणि ते घेतं कोण?" काकू जी बोलायला लागली ती दिवेलागण झाली तरी बोलतच होती. मुलाने वहीत लिहून घेतलं. दोन अनारसे खाल्ले. उठताना म्हणाला, "काकू, पस्तीस हजार होतील. निम्मे ॲडव्हान्स."

"काकू म्हणतोस आणि ॲडव्हान्स मागतोस?"

"काकू म्हणतो म्हणून निम्मे. मॅडम म्हटलं असतं तर सगळे घेतले असते."

काकूने तिथेच त्याला काम दिलं. दिवाळीच्या ऑर्डरींना ती स्वतः निम्मे आधी घेते, याची आठवण काकाने आतल्या खोलीतून करून दिली, पण त्या आवाजाकडे लक्ष द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग नाव. काकूला पत्त्यात भाजणी हवीच होती. रोमन अक्षरांत भाजणी लिहिली की तिची भजनी होते, आणि आणखी एक 'ए' घालावा तर प्रत्येकाला फोनवर "डबल ए, डबल ए" सांगत बसावं लागतं. सिंगल 'ए'ने नाव घेतलं. पहिली चौकशी आली ती कल्याणहून, अधिक महिन्यात भजनाला तुमच्या किती जणी येतात म्हणून. मुलाने उपाय सुचवला. २०१४ पासून देवनागरीत पत्ता घेता येतो, शेवटी 'डॉट भारत' लावून. काकू हरखली. काकाने लगेच आपल्या फोनवर तो पत्ता टाइप करून बघायला घेतला. कीबोर्ड मराठी करताना उजेड वाढला, मग आवाज बंद झाला, मग कोणाला तरी फोन लागला. शेवटी दोन्ही पत्ते घेतले.

आता जे सांगतो ते मात्र विनोदात घालवू नका. पत्ता कोणाच्या नावावर घेतला, हे विचारायचंच. डोमेन म्हणजे जागेचा सातबारा आहे. त्यावर ज्याचं नाव त्याची जमीन, मग घर बांधायला पैसे कोणीही घातलेले असोत. बहुतेक छोट्या धंद्यांत डिझायनर आपल्याच ईमेलवर, आपल्याच कार्डाने डोमेन घेऊन टाकतो, कारण मालकाला ईमेलचा पासवर्ड आठवत नसतो. यात कपट नसतं, आळस असतो, आणि तोही दोन्हीकडचा. काकूच्या ओळखीतल्या एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचं असंच झालं. त्यांचा डिझायनर परदेशी गेला, मुदत संपत आल्याच्या सूचना तो आता उघडत नसलेल्या ईमेलवर जात राहिल्या. मुदत संपली तरी लगेच सगळं जात नाही, थोडे दिवस नेहमीच्या पैशांत आणि पुढचे काही दिवस दंड भरून पत्ता परत मिळतो. पण ते कळायला सूचना वाचाव्या लागतात. शेवटी तो पत्ता भलत्यानेच उचलला. आता ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने बघायला गेलेल्या बायकांना तिथे रमी खेळायचं आमंत्रण मिळतं. एक-दोघी खेळतात, असंही ऐकलं.

करारही हवा. आपल्याकडे लेखी करार म्हणजे व्हॉट्सॲपवर उंचावलेला अंगठा. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून वाचला तर हसावं की रडावं कळत नाही. पगारी नोकर नसलेल्या माणसाने तुमच्याकडून पैसे घेऊन काही रचलं, तरी त्या रचनेचा पहिला मालक तोच, लेखी करून हक्क तुमच्या नावे केला नसेल तर. फोटोचं मात्र उलटं आहे. पैसे मोजून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे चकलीचा फोटो काकूचा आणि त्या चकलीभोवतीचं पान मुलाचं. हे ऐकून काका स्टॅम्प पेपर आणायला निघाला. शंभराचा आता चालत नाही, पाचशेचा लागतो, हे कळल्यावर त्याचा साध्या कागदावर विश्वास बसला. साध्या कागदावर लिहिलं. मुलाने वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि सही केली. माणूस चांगला मिळाला असं मला तेव्हा वाटलं.

पहिला नमुना आला. वर गणपती, खाली चकली, आणि मजकुराच्या जागी सगळीकडे लॅटिन. जगभरचे डिझायनर मजकूर मिळेपर्यंत जागा भरायला हेच वापरतात. मूळ लेखन सिसेरोचं, इसवी सनपूर्व ४५ मधलं, सुखदुःखाच्या चर्चेचं. ते मोडूनतोडून निरर्थक केलेलं. काकूने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "छान लिहिलंय," म्हणाली, "राहू दे हेच."

आणि इथून पुढे तो काळ सुरू झाला, ज्याबद्दल महाराष्ट्रातले सगळे दुकानदार एकमुखाने सांगतात, की डिझायनर लोक वेळेवर काम देत नाहीत. दर सोमवारी मुलाचा निरोप यायचा, "काकू, मजकूर पाठवा." काकूचं उत्तर, "हो, आज दुपारी बसते." दुपारी ती आडवी व्हायची. पितृपंधरवडा आला आणि गेला. नवरात्र आलं. साइट तयार होती, रंग तयार होते, पैसे स्वीकारायची व्यवस्था तयार होती, नव्हत्या त्या चार ओळी: आम्ही कोण, काय विकतो, केवढ्याला, आणि पोचायला किती दिवस. बोलून गिऱ्हाईक गुंगवून टाकणाऱ्या बाईला स्वतःबद्दल चार ओळी लिहिता येत नव्हत्या. मी बघितलंय, हे सगळ्यांचंच होतं. चाळीस वर्षं उत्तम फर्निचर करणाऱ्या माणसापुढे कोरा कागद ठेवा, तो 'उत्कृष्ट दर्जा, माफक दर' एवढं लिहून पेन खाली ठेवतो.

दर लिहायला तर काकूचा सरळ नकार होता. "दर लिहिले की लोक फोन करत नाहीत. आणि उद्या हरभरा डाळ वाढली तर?" खरं कारण वेगळं होतं. काकूचा दर आवाज ऐकून ठरतो. न्यू जर्सीच्या सुनेसाठी एक, समोरच्या आजींसाठी एक, आणि केकवालीसाठी एक खास. हे जगजाहीर करायचं म्हणजे वीस वर्षांची राजनीती उघड्यावर आणायची.

शेवटी तिने एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'आमचे येथे सर्व प्रकारचे घरगुती पदार्थ ऑर्डरप्रमाणे करून मिळतील. आमची कोठेही शाखा नाही.' इंटरनेटवर 'कोठेही शाखा नाही' याला काय अर्थ, असं मुलाने हळूच विचारलं. "अर्थ असा, की नाहीये," काकू म्हणाली. ते वाक्य आजही तिथे आहे.

मग 'तू लिहितोस ना पेपरात' म्हणून काम माझ्याकडे आलं. मी चवीचा वारसा, पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, माजघरातला दरवळ असं बरंच जमवून वाचून दाखवलं. काकू शांतपणे ऐकत होती. "कसला वारसा? माझ्या सासूला चकली येत नव्हती. दोन वाक्यं खरी लिही की."

तेवढ्यात फोन आला. ठाण्याच्या कुणी बाई, काकूकडून भाजणी नेलेली, पण चकली तेलात विरघळत होती. काकू सुरू झाली. "मोहन किती घातलंत? ... अहो, डोळ्यांनी नाही, मापाने. मोहन जास्त झालं की चकली विरघळते, कमी पडलं की दाताची परीक्षा. आणि पीठ पाण्यात भिजवलंत की उकड काढलीत? ... मी डाळी धुऊन सावलीत वाळवते, प्रत्येक डाळ वेगळी भाजते, एकत्र भाजली की एक कच्ची राहते नि एक करपते. मग भाजणी माझी आणि मोहन तुमच्या मनाचं, तर चकलीने कुणाचं ऐकायचं? उद्या अकराला फोन ठेवा समोर, मी सांगते तसं करा." मुलाने आपला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला होता. तो हे सगळं रेकॉर्ड करत होता, आणि फोन ठेवल्यावर त्याने तसं सांगून टाकलं. काकू आधी रागावली, मग आवाज कसा येतो ते ऐकलं, मग पुन्हा ऐकलं. तेच शब्द, फक्त ठाण्याच्या बाईंची ओळख काढून, त्याने पानावर घातले. माझ्या मते पस्तीस हजारांपैकी तीस हजार त्या एका कामाचे.

बाकीचा मजकूर काकूच्या जुन्या छापील पत्रकात होता. ते पत्रक छापखान्यात श्रीलिपीत केलेलं. श्रीलिपीतला मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की युनिकोडला तो कळत नाही. 'शुद्ध साजूक तुपातील' च्या जागी डॉलरचं चिन्ह, दोन फ्रेंच स्वर, एक चौकोन आणि अर्धा कंस उमटला. काका म्हणाला, निर्यातीसाठी असेल. मुलाने सगळं पुन्हा टाइप केलं. त्यातही काकूने बोट ठेवलं, "हा ल आपला नाही. हा हिंदी आहे." तिचं बरोबर होतं. लसूण चटणीचा ल आणि शेंगदाण्याचा श दोन्ही हिंदी वळणाचे होते. या पानाची भाषा मराठी आहे असं आतल्या कोडमध्ये सांगावं लागतं, आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली की ही दोन्ही अक्षरं आपलं वळण घेतात. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याने शोधून काढलं, ल मराठी झाला, आणि काकूच्या मनात तो कायमचा वर चढला. मथळ्यांसाठी त्याने मुंबईच्या 'एक टाइप'वाल्यांचा 'मोदक' नावाचा फॉन्ट दाखवला. फुकट मिळतो, अक्षरं गुबगुबीत, पोटातल्या पोकळ्या जवळजवळ बुजलेल्या. काकूला फार आवडला, पण "यात डाएट चिवडा कसा लिहायचा?" या प्रश्नापाशी तो विषय संपला.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. विकतच्या फोटोंच्या साठ्यात करंजी मागितली तर गुजिया येते, चकली मागितली तर मुरुक्कू, आणि भाजणी मागितली तर काहीच येत नाही. काकाने स्वतः काढलेले फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवले; तिथे ते दाबून बारीक होतात, त्यामुळे लाडू आणि बटाटेवडा यांतला फरक मिटला. फोटोग्राफर बोलवावा लागला. त्याने चिवड्यावर कढीपत्त्याचं एक पान ठेवण्यात अर्धा तास घातला आणि काकू त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरणार नाही.

पैसे ऑनलाइन घ्यायचे तर पेमेंट गेटवेवाले परताव्याचं धोरण, गोपनीयतेचं धोरण आणि अटी अशी पानं मागतात. ही पानं सगळे एकमेकांवरून उतरवतात. आमच्या पहिल्या मसुद्यात वाद झाल्यास तो डेलावेअर राज्याच्या न्यायालयात चालेल असं निघालं. डोंबिवलीचे बेसनलाडू, तंटा डेलावेअरला. काकाला ही कल्पना मनापासून आवडली होती. पासपोर्ट कुठे ठेवलाय ते तो शोधायला लागला. परताव्याचं धोरण काकूने स्वतः सांगितलं, "चकली मऊ निघाली तर पैसे परत. आमची चकली मऊ निघत नाही." दुसरं वाक्य धोरणात बसत नाही म्हणून मुलाने काढलं. काकूने परत घालायला लावलं. खाली अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक आला. तो काकाला वर, गणपतीशेजारी हवा होता.

आणि लोगो. तो मोठा कर, अजून मोठा कर, हे प्रत्येकाने सांगितलं. शेजारच्या आजींनीही सांगितलं, ज्यांना मोतीबिंदू आहे. डिझायनर ज्याला 'स्कोप' म्हणतात, म्हणजे ठरलेल्या कामाची हद्द, ती आपल्याकडे 'एवढं एक कर ना' या वाक्याने ओलांडली जाते. काकूच्या प्रत्येक 'एवढं एक'सोबत एक ताटली यायची. साखरचौथीचे मोदक खाऊन त्याने संपर्काचं पान वाढवलं, कडबोळ्यांवर पिनकोड तपासायची सोय केली. अनारशांना तर तो नाही म्हणूच शकत नसे. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात मुरवून केलेला, तुपात न हसलेला अनारसा पुढे असताना वाढीव कामाचे वेगळे पैसे मागायला मन फार घट्ट लागतं.

साइट धनत्रयोदशीच्या आधी दोन आठवडे सुरू झाली. लोकांनी बघितली आणि फोन केला, "तुमची वेबसाइट बघितली, पण म्हटलं बोलूनच घ्यावं." काकू खूश. आठवडाभराने मात्र ज्यांना बोलायचंच नसतं असे लोक यायला लागले. बंगळुरूहून, हैदराबादहून, रात्री एकला, दोनला. फोन उशाशी टिंग करायचा आणि काकू दचकून उठायची. "रात्री दोनला कोणाला शंकरपाळे सुचतात?" वसुबारसेच्या दोन दिवस आधी हातात होता तेवढा माल संपला, बायका थकल्या आणि ऑर्डरी थांबेनात. दुकानाला कुलूप असतं, फोन उचलला नाही तर चालतो, पण या वेबसाइटला 'नाही' कसं म्हणायचं ते कोणी शिकवलं नव्हतं.

मुलाला बोलावून घेतलं. काकूला एक बटण हवं होतं. ते दाबलं की दिवाळीच्या ऑर्डरी बंद.

"काकू, हे स्कोपमध्ये नव्हतं."

काकूने त्याच्या हातातल्या ताटलीकडे बघितलं. "अनारसेही नव्हते."

बटण दुसऱ्या दिवशी आलं. लाल रंगाचं, आणि लोगोपेक्षा मोठं.